आबांचा कालवा, पोराचं आकाश

काशी-रामेश्वराच्या यात्रेला निघालेल्या बसमध्ये आवडीनिवडीचा प्रश्न येत नाही. कुठं थांबायचं, कुठं जेवायचं, कुठल्या घाटावर किती वेळ, हे सगळं यात्रा काढणारा ठरवतो. पन्नास माणसांत एखादा रुसला तरी बस पुढं जाते आणि रुसलेलाही तिच्यातच असतो. मराठी माणूस परदेशी जायला लागला तोही बराचसा असाच. केसरी टूर्स १९८४ साली सुरू झाली, वीणा वर्ल्ड २०१३ साली. टूर मॅनेजर, ठरलेली हॉटेलं आणि रात्री वरण-भात, या खात्रीवर हजारो मराठी घरांतली माणसं युरोप बघून आली. यात कमीपणा काहीच नाही. मात्र त्या पद्धतीत ठरवण्याचं काम आपल्याला कधी करावंच लागलं नाही.

परदेशात स्वतः गाडी चालवत फिरायचं म्हटलं की ते काम अंगावर येतं. गाडीत माणसं दोन. दोघांत मतदान होत नाही, बहुमत तर नाहीच. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत १६०८ साली जन्मलेले समर्थ रामदास बारा वर्षं देशभर पायी फिरले, असं परंपरा सांगते. त्यांच्या बाजूच्या सीटवर कुणी बसलेलं नव्हतं, हा त्या प्रवासाचा एक मोठाच फायदा म्हणायचा.

त्याच तालुक्यातल्या तीर्थपुरीत आज सहज सापडेल अशी बाप-लेकाची एक जोडी डोळ्यांसमोर ठेवू. आबा ऊस आणि मोसंबी सांभाळतात. पोरगं पुण्यात कंपनीत आहे. पोराला बर्फाचे डोंगर, उड्या, तारे हवेत. आबांना तिकडचं पाणी कसं फिरवतात, गाईंचं दूध कोण उचलतं, बांध कसे घालतात ते बघायचंय.

"आबा, डोंगर बघायला चाललो आपण."

"डोंगर अजिंठ्याला बी हायेत. तेवढ्यासाठी इमानानं काहून जायचं?"

अशा वेळी बहुतेक जण दिवस वाटून घेतात. सोमवार तुमचा, मंगळवार माझा. माझ्या मते ही सगळ्यात वाईट पद्धत. दर दिवशी एक जण नाइलाजानं बसलेला असतो, आणि गाडीत नाइलाज लपत नाही. वाटणी करायचीच झाली तर ती दिवसांची करू नये. देश, महिना आणि मुक्काम असे निवडावेत की दोघांची आवड एकाच वाटेवर लागेल. ते कसं, हे एका देशावर नीट लावून दाखवतो. देश न्यूझीलंड, आणि त्यातलंही फक्त दक्षिण बेट.

न्यूझीलंडच का? पहिलं कारण, तिथं गाडी आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूनं चालते. ब्रिटन, आयर्लंड, जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, थायलंड हेही डावीकडचेच. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्वित्झर्लंड, अमेरिका, दुबई इथं उजवीकडून चालवायचं. ते जमत नाही असं नाही, पण पहिले दोन-तीन दिवस चालवणाऱ्याचा जीव वळणावळणाला टांगलेला असतो आणि शेजारचा तोंड मिटून दरवाजाचं हँडल धरून बसतो. शिवाय युरोपात कागदी भानगडी देशागणिक बदलतात. स्वित्झर्लंडच्या महामार्गाला चाळीस फ्रँकचा वार्षिक पास लागतो. इटलीच्या जुन्या शहरांतल्या बंदी असलेल्या गल्ल्यांत कॅमेरे बसवलेत. चुकून शिरलात तर दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी तीर्थपुरीच्या पत्त्यावर येऊ शकते. दुसरं कारण, न्यूझीलंड हा शेतकऱ्यांचा देश आहे, आणि तिथले डोंगर नि शेतं एकमेकांना लागून आहेत. आपल्या जोडीला हेच हवं.

महिना सगळ्यांत आधी ठरवावा, कारण अर्धं भांडण तिथंच मिटतं. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे. आपल्याकडे मे महिन्याचं ऊन तापतं तेव्हा तिकडे हिवाळ्याची चाहूल लागलेली असते. पुष्कळ भारतीय पर्यटक नोव्हेंबर-डिसेंबर गाठतात, तेव्हा तिकडे उन्हाळा असतो. पण आबांना ते दिवस परवडत नाहीत. कापसाची वेचणी, उसाची तोड, कारखान्याच्या टोळीची वाट बघणं, सगळं तेव्हाच. अंकुशनगरच्या समर्थ साखर कारखान्याचं दुसरं युनिट तीर्थपुरीतच आहे, त्यामुळं गळीत हंगामात गावात ट्रॅक्टरच्या जोड-ट्रॉल्यांखेरीज दुसरं काही सुचत नाही. एप्रिलमध्ये मात्र ज्वारी-हरभरा घरात आलेला असतो आणि नांगरट वाट बघू शकते.

एप्रिलचा आणखी एक फायदा आहे, तो झोपेचा. सोबत्यांची सगळ्यात मोठी भांडणं जेवणावरून होत नाहीत, झोपण्या-उठण्यावरून होतात. आबा नऊला आडवे होणार, पहाटे पाचला उठणार. पोराला रात्रीचे तारे बघायचेत. डिसेंबरात तिकडे सूर्यच सव्वानऊच्या पुढं मावळतो, गच्च अंधार पडायला अकरा-साडेअकरा होतात. एप्रिलच्या मध्याला तोच सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि आठपर्यंत आकाश काळंभोर होतं. आबांची झोप आणि पोराचे तारे एका महिन्याच्या निवडीनं जुळतात. त्यातून घरच्या कालनिर्णयात अमावस्या बघून तारे बघण्याच्या गावाचा, म्हणजे तेकापोचा, मुक्काम तिच्या आगेमागे धरावा. पौर्णिमेला तारे बघायला जाणं म्हणजे पैसे वाया. फक्त ईस्टर आणि २५ एप्रिलचा अॅन्झॅक दिन सांभाळा. त्या सुट्ट्यांत खोल्या भरलेल्या असतात आणि दुकानंही बंद सापडतात.

आता अंतरं. समृद्धी महामार्गानं जालन्याच्या माणसाची एक सवय बिघडवलीय. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सपाटीवर गाडीला ताशी १२० ची मुभा. त्यामुळं अडीचशे किलोमीटर म्हणजे दोन-सव्वादोन तास, हा हिशेब डोक्यात पक्का बसलाय. न्यूझीलंडमध्ये तो चालत नाही. मोकळ्या रस्त्यावर कमाल वेग साधारण १०० आणि बहुतेक महामार्ग जाण्या-येण्याला एकेक लेनचे. क्राइस्टचर्च ते तेकापो सव्वादोनशे किलोमीटर, तीन तास. तेकापो ते क्वीन्सटाउन अडीचशेच्या वर, सव्वातीन तास. हे न थांबता. आणि न थांबता तर तुम्ही जाणारच नाही, कारण थांबण्यासारख्या जागा रस्त्यावरच आहेत. म्हणून नकाशावर किलोमीटर लिहू नका, तास लिहा. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त चालवायचं नाही, हा नियम घरातच ठरवा. आणि रोज बॅग भरू नका: एका गावात दोन-तीन रात्री, तिथूनच आसपास. मुक्काम स्थिर असला की एक जण अर्धा दिवस वेगळा जाऊ शकतो. रोज गाव बदललं की दोघं एकाच गाडीला बांधले जातात.

या जोडीसाठी मी तेकापो आणि ट्वायझलचा टापू मधोमध धरीन. क्राइस्टचर्चहून निघालं की कँटरबरीचं सपाट मैदान लागतं. तिथं चाकांवर फिरणारे पाणी देणारे लांबलचक पाइप शेताच्या मधल्या खुंट्याभोवती गोल फिरताना दिसतात आणि दुधाचे टँकर सतत आडवे येतात. त्यांतले पुष्कळ फोंटेराचे असतात. ही २००१ साली उभी राहिलेली, दूध उत्पादक शेतकऱ्यांच्याच मालकीची सहकारी संस्था, जगातल्या मोठ्या दूधनिर्यातदारांपैकी एक. सहकाराचं बरं-वाईट दोन्ही बघितलेल्या आमच्या तालुक्यातल्या माणसाला इथं विचारायला पुष्कळ आहे. एखाद्या शेतावर राहण्याची सोय आधी ठरवून घेतली तर विचारता येतं. ही रात्र आबांची, पण पोराचं यात काही जात नाही. तिथून डोंगर तासा-दोन तासांवर असतात.

मग तेकापोचं सरोवर. पाणी निळसर दुधी. आबा विचारणार, पाण्यात काय टाकलंय? टाकलेलं काही नाही. वरच्या हिमनद्या सरकताना खालचा खडक दळतात. त्याचं पीठ इतकं बारीक की ते तळाला न बसता पाण्यात तरंगत राहतं आणि उजेडातला निळा-हिरवा भाग आपल्याकडे परत फेकतं. पोरगं फोटो काढतं तिथंच आबांचा विषय सुरू होतो. या सरोवरातून पंचवीसेक किलोमीटरचा कालवा काढून पाणी पुकाकी सरोवरात सोडलंय, तिथून दुसऱ्या कालव्यानं पुढं. वायटाकी खोऱ्याच्या या योजनेत तेकापोचं तेच पाणी एकापाठोपाठ एक अशा आठ वीजकेंद्रांतून जातं. वाटेत त्याच कालव्यात सॅमन मासे पाळतात. खाली ते पाणी शेतीला मिळतं.

पैठणच्या नाथसागरातून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. अंबड, घनसावंगी, परतूर असा तो आपल्या भागातून जातो, आणि आवर्तन कधी सुटणार, शेवटच्या चारीला पाणी पोचणार का, यावर इथली पिकं ठरतात. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ साली झाली. वायटाकीवरचं बेनमोर धरण सुरू झालं तेही १९६५ सालीच, आणि दोन्ही मातीची धरणं. हे कळलेल्या माणसाला बेनमोरच्या भिंतीवर उभं राहून कंटाळा येणं शक्य नाही. याच योजनेच्या पुढच्या कामांवरच्या कामगारांसाठी १९६८ साली ट्वायझल गाव वसवलं होतं. काम संपल्यावर ते उठवायचं ठरलेलं होतं, पण राहणाऱ्यांनी हट्टानं टिकवलं. आज तेच गाव मुक्कामाला स्वस्त आणि सोयीचं. तिथून तासाभराच्या आत माउंट कुकच्या पायथ्याचं गाव: शिखर ३,७२४ मीटर, पुकाकीच्या काठानं जाणारा रस्ता, पायवाटा, हिमनद्या. पोराची सकाळ डोंगरात, आबांची दुपार कालव्यावर, आणि दोन्हींमध्ये गाडीचा तासच.

रात्र तर दोघांचीही. हा सगळा प्रदेश २०१२ पासून अंधारासाठी राखून ठेवलेला आहे. दिव्यांवर बंधनं असल्यानं आकाश स्वच्छ दिसतं. पोराला वाटतं, ताऱ्यांतलं आपल्यालाच कळतं. पण मृग, रोहिणी, कृत्तिका ही नावं आबांना पेरणीच्या हिशेबानं पाठ आहेत. एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेला मृग दिसतो, आणि तो उलटा असतो. आपण पृथ्वीच्या पाठीकडून बघत असल्यानं डोकं खाली, पाय वर. ध्रुव तारा तर दिसतच नाही, तो क्षितिजाच्या खाली. त्याऐवजी दक्षिणेला त्रिशंकू उंच चढलेला, आणि जवळच मॅजेलनचे ढग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन छोट्या आकाशगंगा, नुसत्या डोळ्यांनी. या एका रात्रीसाठी दोघांच्या आवडी वेगळ्या आहेत हे विसरायला होतं. फक्त दुसऱ्या सकाळी लांबचा प्रवास ठेवू नका.

लिंडिस खिंडीतून पुढं क्वीन्सटाउन. हे पोराचं गाव. जवळच्या कावाराउ पुलावरून १९८८ पासून लोक पायाला दोरी बांधून ४३ मीटर खाली उड्या मारतात. धंदा म्हणून बंजीची सुरुवात इथलीच. आबांनी काठावर उभं राहून बघायचं, त्याला पैसे पडत नाहीत. त्यांच्यासाठी त्याच गावात १९१२ सालची अर्नस्लॉ ही वाफेची बोट आहे. पूर्वी ती सरोवरापलीकडच्या शेतांवर मेंढरं आणि सामान न्यायची. इंजिनखोलीत डोकावता येतं, कोळसा टाकणारी माणसं दिसतात. साखर कारखान्याचा बॉयलर बघितलेल्या माणसाला समजून सांगावं लागत नाही. पलीकडे मेंढ्यांची लोकर कातरून दाखवतात. एक जण पुलावर, एक जण बोटीवर, संध्याकाळी दोघं एकत्र.

मिलफर्ड साउंडला, म्हणजे उंच कड्यांत शिरलेल्या समुद्राच्या खाडीला, मात्र स्वतः गाडी घेऊन जाऊ नये, असं माझं मत आहे. क्वीन्सटाउनहून जाऊन-येऊन बारा-तेरा तासांचा दिवस होतो आणि सगळ्यात देखण्या रस्त्यावर चालवणाऱ्याला फक्त डांबर दिसतं. बसचं तिकीट काढा, म्हणजे दोघंही खिडकीशी बसतात. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारी ही जागा आहे. आपल्या जिल्ह्याची सरासरी सातशेच्या आसपास. पाऊस लागला तर हिरमुसू नका. कड्यांवरून शेकडो धबधबे तेव्हाच सुटतात.

कागदपत्रांत पहिला प्रश्न, गाडी कोण चालवणार? उत्तर बहुतेक घरांत एकच नाव असतं. शक्य असेल तर दोघांची नावं भाड्याच्या करारात घाला, कारण करारात नाव नसलेल्यानं चालवली आणि धडक झाली तर विमा लागू होत नाही. महाराष्ट्राच्या स्मार्ट कार्ड परवान्यावर इंग्रजी असल्यानं न्यूझीलंडमध्ये पर्यटकाला तो चालतो. तरी आंतरराष्ट्रीय परवाना काढून ठेवावा, गाडी देणारे मागू शकतात. तो आपल्या परिवहन कार्यालयातच मिळतो, म्हणजे एमएच-२१ वाल्यांना जालन्यात. फॉर्म ४-ए, पासपोर्ट, व्हिसा, मूळ परवाना, फी एक हजार रुपये, मुदत एक वर्ष. हातानं गिअर टाकायच्या गाडीवर हात बसलेला असेल तर आधी ऑटोमॅटिक गाडीची सवय करा, तिकडे भाड्याच्या बहुतेक गाड्या तशाच.

रस्त्याचे दोन नियम आपल्या अंगवळणी नाहीत. चौकातल्या गोलाला उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, खरोखर. आणि एका गाडीच्या रुंदीचे पूल पुष्कळ आहेत. लाल काठाच्या गोल पाटीवर आपल्या बाजूचा बाण लहान आणि लाल असेल तर समोरच्याला आधी वाट द्यायची. मागं गाड्या साठल्या तर बाजूला घेऊन त्यांना पुढं सोडायचं. हॉर्न विसरा. चालवताना फोन हातात दिसला तर १५० डॉलर दंड. विमानातून उतरल्या दिवशी गाडी ताब्यात घेऊ नका. घड्याळ साडेसहा तास पुढं गेलेलं असतं आणि अंग मात्र अजून आपल्याच वेळेवर. अपघातात जखम झाली तर उपचाराचा मोठा भार तिथली सरकारी अपघात भरपाई योजना पर्यटकांसाठीही उचलते, १९७४ पासून. आजारपणाला ती नाही, म्हणून प्रवास विमा लागतोच. गाडीच्या विम्यात आपल्या खिशातून किती भरायचं, काच-टायर धरलेत का, कुठले रस्ते वर्ज्य आहेत, हे सही करण्याआधी वाचा. क्वीन्सटाउनजवळच्या स्किपर्स रस्त्यावर भाड्याच्या गाडीचा विमा चालत नाही.

शेतकऱ्यानं न्यूझीलंडला जाताना सगळ्यात जपायचं ते विमानतळावर. लाळ-खुरकूत हा आपल्या गोठ्यातला नेहमीचा रोग त्या देशात आजवर एकदाही शिरलेला नाही, आणि तो शिरला तर त्यांचा दुधा-मांसाचा धंदाच बसेल. म्हणून जाहीरनाम्यात विचारतात: गेल्या तीस दिवसांत जनावरांशी संबंध आला का? आबांचं उत्तर होय आहे, आणि तसंच लिहायचं. बूट घासून धुऊन, तळव्यातली माती काढून न्यायचे. शेतातली चप्पल घरीच. लोणचं, शेंगदाण्याची चटणी, डाळी, जे खाण्याचं असेल ते सगळं जाहीर करायचं. घरचं तूप, मध, बी-बियाणं न्यायचंच नाही. जाहीर केलेलं फार तर काढून घेतात. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. जेवणाची काळजी तशीही नको. तिकडच्या मोटेलच्या खोल्यांत बहुधा स्वयंपाकाची सोय असते, भाजी-तांदूळ-पीठ मोठ्या दुकानांत मिळतं. भाकरीचं पीठ मिळेलच असं नाही, एवढं आबांना आधी सांगून ठेवावं.

व्हिसासाठी आबांचं उत्पन्न दाखवायला सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, कारखान्याच्या उसाच्या बिलांच्या पावत्या उपयोगी पडतात. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं. व्हिसाच्या फीसोबत १०० डॉलरचा पर्यटक कर वेगळा. पैशांबाबत एकच सुचवतो: खोली, पेट्रोल, किराणा यांचा एक सामायिक गल्ला आणि बंजीची उडी किंवा मेरिनोची शाल ज्याच्या त्याच्या खिशातून. एकाची हौस दुसऱ्याला मोजायला लावली की हिशेब बिघडतो.

हे सगळं कागदावर जुळलं तरी तिकीट लगेच काढू नका. आधी एकदा तीर्थपुरीहून परतूर-मंठा मार्गे लोणारला जाऊन या, रात्री मुक्कामाला. गाडी पोरानं चालवायची, रस्ता आबांनी सांगायचा. पोरानं उल्कापाताचं विवर बघायचं, आबांनी वाटेतली शेतं. कोण किती वेळ गप्प बसतं, कोण कितीला उठतं, चहाला थांबण्यावरून कोण चिडतं, हे दोन दिवसांत कळतं. तिथंच कडाक्याचं वाजलं, तर व्हिसाची फी भरायच्या आधी आबांचं नाव एखाद्या टूरमध्ये घाला आणि पोराला एकट्याला गाडी घेऊ द्या.